विहिरीत देवचार नाही, पाणी आहे

प्रश्न : आमचं घर गोव्यात डिचोली तालुक्यात, कुळागराच्या, म्हणजे सुपारीच्या बागायतीच्या कडेला. परसात जुनी विहीर आहे, कठडा जेमतेम गुडघ्याएवढा. मुलगा पाच वर्षांचा, मुलगी दोनची. मुलाने विहिरीकडे फिरकू नये म्हणून सासूबाई त्याला सांगतात, आत देवचार बसलाय, ओढून नेईल. गेल्या पावसात शेजारच्या वाड्यावरचा एक शाळकरी मुलगा चिरेखाणीत साठलेल्या पाण्यात बुडून गेला. आमचा त्याच्या मागे मागे असायचा. आम्ही सांगितलं, तो मामाच्या गावी गेला. तेव्हापासून माझ्या माहेरी जायचं नाव काढलं की हा रडतो, न्हाणीत एकटा जात नाही, रात्री दिवा मालवू देत नाही. परवा आंघोळ घालताना पोटरीवर कुत्र्याच्या नखांचे ओरखडे दिसले. चार दिवसांपूर्वीचे. बाबा मारतील म्हणून लपवले होते. नवरा म्हणतो, पोराला धाक हवाच. मला खरं सांगावंसं वाटतं, पण किती सांगू? एवढ्याशा जिवाला मरणाबिरणाचं सांगून त्याचं बालपण नासवीन का?
– एक आई

ताई, बाकीचं सगळं नंतर. आधी ते ओरखडे.

डॉक्टरांना दाखवले नसतील तर आज त्याला घेऊन जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात जा. जखम सुकली, चार दिवस झाले, आता काय होणार, असं मनात आणू नका. कुत्रं ओळखीचं होतं, पिल्लू होतं, शेजाऱ्यांचं पाळलेलं होतं, यानेही काही बदलत नाही. रेबीजची लस उशिरा का होईना घ्यायचीच, आणि पुढच्या डोसांचे जे दिवस लिहून देतील त्यातला एकही चुकवायचा नाही. ओरखड्यातून रक्त आलं होतं का, हे त्याला शांतपणे विचारा आणि डॉक्टरांना सांगा. तसं असेल तर लसीबरोबर जखमेत वेगळं इंजेक्शनही द्यावं लागतं. पुढे कधी असं झालंच तर घरच्या घरी पहिलं काम एकच : साबण आणि वाहतं पाणी, घड्याळ लावून 15 मिनिटं. हळद, चुना, मिरची काही नाही. मग दवाखाना.

2021 साली गोवा रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झालं आणि रस्त्यावरच्या कुत्र्यांना लस टोचण्याचं मोठं काम इथे झालं आहे. पण म्हणून एकाही ओरखड्याकडे दुर्लक्ष करता येत नाही. या रोगाची लक्षणं एकदा दिसू लागली की माणूस वाचणं जवळजवळ अशक्य, आणि लक्षणांआधी वेळेवर लस घेतली तर तो होतच नाही. मधले दिवस तेवढे आपल्या हातात असतात. तुमच्या लेकाने त्यातले चार दिवस माराच्या भीतीने गप्प राहून घालवले.

तुमच्या यजमानांना एवढी एकच गोष्ट समोर बसवून सांगा. धाक हवा, हे म्हणणाऱ्या बापाच्या मनात काळजीच असते, मला त्यात शंका नाही. पण तुमच्या घरातल्या धाकाने मुलाला कुत्र्यापासून वाचवलं नाही. त्याने मुलाला फक्त लपवायला शिकवलं. साप चावला, बटणाएवढी बॅटरी गिळली, कुणी नको तिथे हात लावला, यातल्या प्रत्येक वेळी मूल किती लवकर आपल्याकडे धावत येतं यावर सगळं अवलंबून असतं. जे मूल आधी मार बसेल का याचा हिशेब करतं, ते उशिरा येतं. कधी येतच नाही.

आता देवचार. सासूबाईंना मी दोष देणार नाही. शेतात राबणाऱ्या, चार-पाच पोरं एकटीने सांभाळणाऱ्या बाईकडे विहिरीपासून पोरं लांब ठेवायला दुसरं काय होतं? पण ही भीती कशी फिरते ते तुम्हीच पत्रात लिहिलं आहे. विहिरीत बसवलेला देवचार न्हाणीत आला, तिथून झोपायच्या खोलीत आला. आणि जिथे खरंच मरण होतं, त्या चिरेखाणीत मात्र तो नव्हता, कारण तिथे देवचार आहे असं कुणी सांगितलंच नव्हतं. अजून चार-पाच वर्षांनी शाळेतली पोरं याला सांगतील की देवचार-बिवचार काही नसतं. त्या दिवशी विहीर याच्या लेखी निर्धोक होईल. नेमकं तेच वय मित्रांबरोबर वहाळावर, कोंडीत, खाणीच्या पाण्यात उतरायचं असतं.

म्हणून खरं सांगा. आणि नुसतं तोंडाने सांगू नका, दाखवा.

एखाद्या रविवारी, यजमान घरी असताना, त्याला विहिरीवर घेऊन जा. एका मोठ्या माणसाने फक्त त्याला धरायचं, दुसरं काही करायचं नाही. धाकटीला आजींपाशी घरात ठेवायचं. दुसऱ्याने दोराला कळशी बांधून खाली सोडायची. कळशी पाण्याला लागते तो आवाज त्याला ऐकू द्या. मग ती बुडवून तळापर्यंत जाऊ द्या, दोर सैल पडेपर्यंत. जिथपर्यंत दोर आत गेला तिथे गाठ मारा आणि सगळा वर ओढा. तो ओला दोर अंगणात तुळशीपासून सरळ पसरा आणि त्याला त्यावरून चालायला सांगा, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. दोराचा भिजलेला भाग कुठून सुरू होतो ते त्याला हात लावून बघू द्या. मग बाबांना त्या भिजलेल्या भागाशेजारी अंगणात आडवं झोपायला सांगा. बाबा संपतात आणि दोर पुढे उरतो, हे तो स्वतःच्या डोळ्यांनी बघेल. पाच वर्षांच्या मुलाला ‘खोल’ म्हणजे काय ते असं कळतं.

मग तिथेच, अंगणात बसून, साध्या शब्दांत : “विहिरीत देवचार नाही. पाणी आहे, बाबांच्याही डोक्यावरून जाईल एवढं. आत पडलं की नाका-तोंडात पाणी जातं, श्वास घेता येत नाही. श्वास घेता आला नाही की माणूस मरतं. म्हणून विहिरीपाशी जायचं ते मोठ्या माणसाचा हात धरून. चेंडू गेला, मांजर गेलं, काही गेलं, तरी आपण जायचं नाही, हाक मारायची.” आणि त्याला ती हाक मारायला लावा. खरोखर, बेंबीच्या देठापासून. दुसरं कुणी पाण्यात पडलं तर आपण मागून उडी टाकायची नाही, ओरडून माणसं गोळा करायची, जवळ असेल ते तरंगणारं आत फेकायचं, रिकामा डबा, नारळ, काहीही. मुलं बुडतात तेव्हा कितीदा एकाला वाचवायला दुसरा उतरलेला असतो. हे त्याला आत्तापासून ठाऊक असू द्या.

आता त्या गेलेल्या मुलाबद्दल. हे काम सगळ्यांत अवघड आहे आणि ते टाळू नका. तुमचा मुलगा मामाच्या गावाला का घाबरतो हे तुमच्या लक्षात आलंच असेल. त्याच्या लेखी मामाकडे गेलेलं माणूस परत येत नाही, त्याची आई रडते, आणि त्याचं नाव काढलं की मोठी माणसं गप्प होतात. ‘झोपला’ म्हटलं असतं तर तो झोपेला घाबरला असता. आधी त्यालाच विचारा, “तो दादा कुठे गेला असं तुला वाटतं?” मूल काय धरून बसलंय ते त्याच्या उत्तरात कळतं. कित्येकदा आपल्याला वाटतं त्याहून भयंकर काहीतरी त्याने मनाशी रचलेलं असतं. माझ्यामुळे तो गेला, असंही मुलांना वाटतं.

मग सांगा : “तो मामाकडे गेला नाही. आम्ही तुला चुकीचं सांगितलं, तुला वाईट वाटेल म्हणून. तो खाणीतल्या पाण्यात बुडला आणि मेला. मेला म्हणजे त्याचं शरीर थांबलं. त्याला आता भूक लागत नाही, थंडी वाजत नाही, दुखत नाही. तो परत येणार नाही. आम्हा सगळ्यांना त्याची आठवण येते.” सासूबाईंना यापुढे देवाघरी गेला म्हणायचं असेल तर जरूर म्हणू द्या, तुमच्या घरची श्रद्धा आहे ती. फक्त ‘मेला’ हा शब्द आधी येऊ द्या, नाहीतर देवाचं घर कुठल्या बसने गाठायचं असा प्रश्न त्याला पडेल.

तो पुन्हा पुन्हा तेच विचारेल. आज, उद्या, आठवड्याने, जेवताना, शाळेच्या बालरथात (बसमध्ये) चढताना. दर वेळी तेच उत्तर, त्याच शब्दांत द्या. एक दिवस विचारेल, “आई, तू मरशील?” तेव्हा “छे, मी कशाला मरते” असं म्हणू नका. “सगळीच माणसं कधीतरी मरतात, बहुतेक खूप म्हातारी होऊन. मला अजून खूप वर्षं तुझ्याजवळ राहायचंय, आणि तुला सांभाळायला बाबा आहेत, आजी आहे.” एवढं पुरे. बघा, बहुतेक मुलं हे ऐकून दुसऱ्या मिनिटाला खेळायला पळतात.

किती सांगायचं, हा तुमचा प्रश्न होता. त्याने विचारलं तेवढं. त्याला पुढे विचारायचं असेल तर तो विचारतो. त्या मुलाला बाहेर कसं काढलं, तो कसा दिसत होता, हे त्याने ऐकायची गरज नाही, आणि वाड्यावरच्या गप्पांत, मोबाईलवरच्या व्हिडिओंत ते त्याच्या कानावर-डोळ्यांवर पडू नये एवढं तुम्ही बघा. मुलाचं बालपण मरण या शब्दाने नासत नाही. आपल्यापासून काहीतरी लपवलं जातंय आणि विचारायची सोय नाही, याने ते जास्त कोमेजतं. माझी ही खात्री बालवाडीतली मुलं वर्षानुवर्षं जवळून पाहून झाली आहे.

दोन मुलांची आई आहात म्हणून एक गोष्ट स्पष्ट सांगते. हे सगळं बोलणं म्हणजे कुंपण नव्हे. पाच वर्षांचं मूल नियम घडाघडा म्हणून दाखवतं आणि पुढच्या क्षणी चेंडूमागे धावतं. त्या वयात तसंच होतं, त्यात त्याचा दोष नाही. दोन वर्षांच्या मुलीला तर सांगून काही उपयोगच नाही. त्यामुळे बोलण्याच्याही आधी विहिरीवर लोखंडी जाळी बसवा, कडी-कुलपाची, आणि कठडा मोठ्या माणसाच्या कमरेएवढा चढवून घ्या. चतुर्थीला घर पाहुण्यांनी भरायच्या आत हे काम झालेलं असू द्या. त्या दिवसांत प्रत्येकाला वाटतं की मुलांकडे दुसरं कुणीतरी बघतंय. न्हाणीतल्या बादल्या, पिंप रात्री रिकामे करून पालथे घाला. तान्ह्या-रांगत्या मुलाला बुडायला वीतभर पाणी पुरतं. आणि ध्यानात ठेवा, बुडणारं मूल सहसा ओरडत नाही, हात हलवत नाही. ते गप्पकन खाली जातं. आवाज आला नाही म्हणजे सगळं ठीक, असं पाण्याजवळ कधीच समजू नका.

समुद्राचंही तेच. पावसाळ्यात, जूनपासून सप्टेंबरपर्यंत, पाण्यात पाऊल नाही, लाटा कितीही लहान दिसल्या तरी. एरवी मिरामारला किंवा कळंगुटला गेलात की उतरल्या उतरल्या त्याला विचारा, “बावटा कुठला?” लाल बावटा असेल तिथे उतरायचं नाही, लाल-पिवळ्या बावट्यांच्या मधे उतरायचं, जीवरक्षक कुठे बसलाय ते आधी शोधायचं. मुलांना हा खेळ फार आवडतो आणि मोठ्यांच्या आधी तीच बावटा ओळखतात. सहाव्या-सातव्या वर्षी नीट शिकवणारं कुणी मिळालं तर त्याला पोहायला घाला. गोव्यात पाण्यापासून मूल कायमचं लांब ठेवता येत नाही.

सापाचं सांगताना आपल्याकडे गोंधळ असतो. नागपंचमीला पूजा, आणि एरवी दिसला की काठी. मुलाला सरळ सांगा : साप दिसला की जागच्या जागी थांब, हळूहळू मागे ये, मोठ्यांना बोलाव, दगड मारायचा नाही, जवळून बघायचं नाही. पावसात रात्री अंगणात जायचं तर बॅटरी घेऊन, आणि बूट झटकून घालायचे. मण्यार रात्री घरात शिरते, तिचा दंश झोपेत कळतही नाही, सूज-वेदनाही फारशी नसते. म्हणून “आई, मला काहीतरी चावलं” असं मुलाने म्हटलं की “मुंगी असेल, झोप” म्हणू नका, दिवा लावा आणि बघा. दंश झाला तर बांधाबांध नाही, चिरणं-चोखणं नाही, मांत्रिक नाही. हातपाय स्थिर ठेवून 108 ला फोन.

काजूच्या दिवसांत हिरवी बी दाताने फोडू नये, टरफलातलं तेल ओठ-जीभ भाजून काढतं. हे एकदा त्याला बी फोडूनच दाखवा, सुरी तुमच्या हातात ठेवून. रॉकेल, फिनेल, सोरो (दारू) पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून ठेवायची सवय घरातून आजच काढून टाका. ती बाटली मुलाने तोंडाला लावली तर तो दोष आपला आहे, त्याला कितीही समजावलेलं असो.

आणखी एक धोका आहे, ज्याचं तुमच्या पत्रात नाव नाही, आणि बहुतेक पत्रांत नसतं. मुलांना आपण सांगतो, अनोळखी माणसाकडून चॉकलेट घेऊ नकोस. पण लहान मुलांना छळणारा माणूस बहुतेक वेळा ओळखीचाच असतो, घरात येणारा, मुलाचा लाडका. म्हणून माणसाबद्दल न सांगता वागण्याबद्दल सांगा. शरीराच्या सगळ्या अवयवांची नावं त्याला येऊ द्या, शू-शीच्या जागांचीही, न लाजता. त्या जागा आई आंघोळ घालताना किंवा डॉक्टर आईसमोर तपासताना सोडून कुणी हात लावायचा नाही, बघायच्या नाहीत, आपल्या दाखवायला लावायच्या नाहीत. कुणी म्हणालं “हे आईला सांगू नको”, तर तीच गोष्ट आईला पहिली सांगायची. चतुर्थीला पाहुणे आले आणि याला कुणाच्या मांडीवर बसायचं नसेल, पापी द्यायची नसेल, तर “असं काय करतोस, काकाच आहे ना” म्हणून ढकलू नका. लांबून नमस्कार केला तरी मान राखला जातो. त्याचं ‘नको’ घरच्या माणसांसमोर चाललं, तरच ते दुसरीकडे चालवायची त्याला हिंमत होईल.

आणि कधी त्याने असं काही सांगितलंच, तर चेहऱ्यावर काही न दाखवता एवढंच म्हणा : “तू सांगितलंस ते फार बरं केलंस. तुझी काही चूक नाही.” उलटतपासणी नको, त्या माणसाला लगेच बोलावून समोरासमोर नको. 1098 हा मुलांसाठीचा मदतीचा क्रमांक आहे. गोव्याचा बाल कायदा 2003 चा, मुलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा देशाचा पोक्सो कायदा 2012 चा. दोन्ही मुलाच्या बाजूने आहेत.

सासूबाईंशी कसं बोलाल? त्यांचं चुकलं असं ऐकवू नका. त्यांना म्हणा, “आई, तुमच्या लहानपणी पाण्याच्या, सापाच्या खऱ्या गोष्टी घडल्या असतील, त्या त्याला सांगा ना.” त्यांच्याकडे अशा दहा गोष्टी असतील, आणि त्या तुमच्या-माझ्या सांगण्यापेक्षा त्याच्या जास्त लक्षात राहतील. देवचार घालवून द्यायचीही गरज नाही. गावची जुनी माणसं त्याला सीमेचा राखणदार मानतात, रात्री वाट चुकलेल्याला घरी पोचवणारा, म्हणून त्याला रोट, म्हणजे जाड भाकरी, देतात. तोच राखणदार विहिरीत दबा धरून पोरं ओढतो, हे आजीलाही पटणार नाही. त्याला त्याच्या जागी, सीमेवर, राहू द्या.

यजमानांनी मात्र एक काम स्वतः करायचं आहे, ते तुम्ही करून चालणार नाही. दवाखान्यात लस घ्यायला त्याला त्यांनीच घेऊन जावं, आणि वाटेत सांगावं, “कुत्र्याने ओरखडलं तर मी मारणार नाही. चुकून काही फुटलं, सांडलं, लागलं, तरी आधी मला येऊन सांग. मी आधी तुला बघेन, मग बाकीचं.” हे एकदा म्हणून पुरणार नाही. पुढच्या वेळी तो खरंच काहीतरी सांगायला येईल, बहुधा अगदी नको त्या वेळी, आणि त्यांचा हात उचलला जायला येईल. त्या वेळी त्यांनी काय केलं, त्यावर तो ठरवेल की बाबांचं बोलणं धरून चालायचं की नाही.

न्हाणीत आणि अंधारात जायची भीती लगेच जाणार नाही. दार उघडं ठेवा, बाहेर बसून गाणं म्हणा, रात्री एक लहान दिवा राहू द्या. हसू नका, “एवढा मोठा झालास” म्हणू नका. महिन्याभरात काहीच फरक पडला नाही, जेवणखाण तुटलं, पुन्हा अंथरूण ओलं होऊ लागलं, तर बालरोगतज्ज्ञांना मरणाचा हा सगळा प्रसंग सांगून सल्ला घ्या. आणि जाळीचं काम करणाऱ्याला आजच फोन करा. श्रावण सुरू झाला की आपल्याकडे कामाला माणूस मिळत नाही.